मोहल्ल्यातला मक्तब: कुरआन शिकवण्याची आणि शिकवणाऱ्याला सांभाळण्याची रीत

नागपुरात मोमिनपुरा असो, जाफरनगर असो की ताजबागचा परिसर, मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुस्लिम मुलांची अरबी अक्षरांशी पहिली ओळख बहुधा मशिदीला लागून असलेल्या खोलीत किंवा एखाद्या आपांच्या (शिकवणाऱ्या ताईंच्या) घरातल्या चटईवर होते. उर्दू शाळेतल्या मुलाला अलिफ-बे वर्गातच भेटलेले असते. मराठी शाळेतल्या मुलाला मात्र ओळ उजवीकडून सुरू होते इथपासून शिकवावे लागते. मी बरीच वर्षे दुपारच्या वेळी मुलींना आणि बायकांना नाजरा, म्हणजे पाहून वाचणे, शिकवते आहे. ज्यांना आपल्या गल्लीत असा वर्ग, म्हणजे मक्तब, सुरू करायचा आहे किंवा रखडलेला वर्ग सावरायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हजरत उस्मान (रज़ि.) यांच्याकडून आलेली, सहीह बुखारी या संग्रहात नोंदलेली हदीस (पैगंबरांचे वचन) आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे: तुमच्यात उत्तम तो, जो कुरआन शिकतो आणि शिकवतो. मक्तब काढायचा म्हटले की आपण आधी खोली, फळा आणि पंख्याचा विचार करतो, पण त्याआधी ठरवायला हवे ते हे की प्रत्येक मुलाचे रोज कोण ऐकणार आहे. कुरआन एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानात आणि पुन्हा मुखात असाच आजवर आलेला आहे. देवदूत हजरत जिब्रील दर रमजानात पैगंबरांसोबत (स.) कुरआनची उजळणी करीत आणि त्यांच्या हयातीच्या अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली. एकदा पैगंबरांनी (स.) अब्दुल्लाह इब्न मसऊद (रज़ि.) यांना कुरआन ऐकवायला सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले की, आपल्यावरच तो उतरला असताना मी आपल्याला काय ऐकवू, त्यावर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मला आवडते, असे उत्तर मिळाले, आणि सूरह (अध्याय) निसाच्या 41व्या आयतीपर्यंत (वचनापर्यंत) वाचन पोहोचले तेव्हा पैगंबरांचे (स.) डोळे भरून आले होते. शिकवणाऱ्याने बसावे ते असे, समोरच्याचे ऐकण्यासाठी.

यावरून वर्गाचा आकार ठरतो. एका तासात चाळीस मुले बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येते, आणि दीड मिनिटात चूक कानावर पडली तरी ती सुधारून पुन्हा म्हणून घेता येत नाही. बारा मुले असली तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की एका तासाला एका उस्तादाकडे बाराच मुले द्यावीत, आणि जास्त असतील तर दुसरा तास किंवा दुसरा उस्ताद शोधावा. सामूहिक घोकंपट्टीने खोली घुमते, पाहुण्यांना बरे वाटते, पण मागच्या ओळीतली मुलगी नुसते ओठ हलवते आहे हे त्या आवाजात कळत नाही.

वेळ ठरवताना नागपूरचे ऊन विसरू नये. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारचा वर्ग पूर्ण बंद ठेवून तो फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजनंतर घ्यावा. डिसेंबरात मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, साडेपाचच्या सुमारासच होते, त्यामुळे शाळेतून दमून आलेल्या मुलांना खायला वेळ मिळेल अशा बेताने, मगरिबनंतरचा तास हिवाळ्यात सोयीचा पडतो. ट्यूशनशी स्पर्धा करू नये, कारण तीत मक्तब नेहमी हरतो. पालकांना विचारून वेळ ठरवावी आणि मग ती वर्षभर पाळावी.

सुरुवात नूरानी कायद्यापासून, म्हणजे अरबी वाचनाच्या बाळबोध पुस्तकापासून, करावी. त्यात आधी सुटी अक्षरे, मग जोडाक्षरे, मग ज़बर-ज़ेर-पेश (अ, इ, उ या स्वरांच्या खुणा), असा क्रम आहे, आणि घाईने तो ओलांडला की पुढे पाऱ्यात (कुरआनच्या तीस भागांपैकी एकात) त्याची भरपाई करावी लागते. मराठी बोलणाऱ्या मुलांची जीभ कुठे अडते हे उस्तादाला आधीच माहीत असावे. आपल्या भाषेत 'जन्म'मधला ज वेगळा आणि 'जग'मधला वेगळा, आणि अरबीतला ज़े म्हणायला सांगितले की मूल हमखास 'जग'मधला ज म्हणते. त्याला तो आवाज लांबवायला सांगावे. भुंगा गुणगुणावा तसा तो श्वास संपेपर्यंत चालू राहिला तर ज़े जमला. जीभ दाताला टेकून आवाज तुटला तर तो आपला घरचाच ज आहे. ज़ालसाठी मी हातात छोटा आरसा देते, कारण त्या अक्षराला जिभेचे टोक पुढच्या दातांच्या कडेला दिसायला हवे, आणि मुलीला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की समजावून सांगायची गरज उरत नाही. ज़ोमध्ये टोक तिथेच राहते, पण जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. ज़ादला जिभेची कड वरच्या दाढांना लागते, आणि हे अक्षर मोठ्या माणसांनाही महिनोन्महिने छळते, म्हणून त्यावरून मुलाला कधी रागावू नये. मोठ्या हेसाठी, चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तिच्यावर वाफ सोडतो तसा श्वास घशाच्या मध्यातून सोडायला लावावा.

एवढा आटापिटा कशासाठी, असे पालक विचारतात. सूरह इख्लासचा पहिला शब्द 'क़ुल' आहे, आणि त्याचा अर्थ 'सांग' असा होतो; क़ाफऐवजी साधा काफ उच्चारला तर शब्द 'कुल' होतो, आणि त्याचा अर्थ 'खा' असा आहे. हे एक उदाहरण पुरते. याच कारणाने देवनागरीत छापलेल्या सूरहांच्या पुस्तिकांनी सुरुवात करू नये असे मी सांगते. अरबीतली ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ो ही चार वेगळी अक्षरे देवनागरीत एका ज़मध्ये कोंबली जातात. से, सीन आणि साद यांचा एकच स होतो. एकदा ती सवय लागली की सोडवायला दुप्पट कष्ट पडतात.

ज्या मुलाचा नाजरा स्वच्छ झाला आहे आणि ज्याला स्वतःला ओढ आहे, त्यालाच हिफ्ज़ला, म्हणजे कुरआन पाठ करायला, बसवावे. पंधरा ओळींच्या हाफिजी कुरआनात प्रत्येक पान आयत पूर्ण होऊन संपते आणि एका पाऱ्याची साधारण वीस पाने भरतात, म्हणजे तीस पाऱ्यांची सुमारे सहाशे पाने होतात. रोज एक पान धरले तर हिशेब दोन वर्षांच्या आत बसतो, पण कागदावरच. परीक्षा, आजारपण आणि उजळणी धरून तीन वर्षे मानावीत आणि मुलाची शाळा सोडवू नये. रोजच्या कामाचे तीन भाग असतात: सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचे पाठ, आणि आमूख्ता म्हणजे जुन्या पाऱ्यांची फेरी. दाव्याला बांधलेल्या उंटापेक्षाही कुरआन लवकर निसटतो, असे हदीसमध्ये म्हटले आहे, त्यामुळे वेळ कमी पडला तर सबक सोडावा, आमूख्ता सोडू नये. पुढे तरावीहमध्ये, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजमध्ये, तो मुलगा उभा राहील तेव्हा मागे पक्का सामे (ऐकून चूक पकडणारा) उभा करावा, आणि त्याने लुकमा (चुकलेला शब्द सुचवणे) द्यावा तो हळू आवाजात, एकदाच. पहिल्या रात्री मुलाचे पाय कापत असतात. मागून दोघा-तिघांनी एकदम दुरुस्ती केली की आलेलेही जाते.

छडी वर्गात ठेवूच नये. मारून पाठ झालेला पारा मूल मोठे झाल्यावर उघडत नाही, हे मी पाहिले आहे. दार उघडे असावे, पालकांना न सांगता येऊन बसण्याची मुभा असावी, आणि मुलींसाठी आपाच असाव्यात. पाळीच्या दिवसांत मुलींचा वर्ग बुडू नये म्हणून हनफी (इस्लामी धर्मशास्त्राच्या एका शाखेच्या) मताला धरून, मुसहफला (कुरआनच्या प्रतीला) हात न लावता कायद्याची उजळणी, ऐकणे आणि अर्थ यांवर ते दिवस द्यावेत.

मोठ्या बायकांचा वर्ग मला सर्वांत जवळचा आहे. त्यांना पहिल्याच दिवशी हजरत आयशा (रज़ि.) यांच्याकडून आलेली हदीस सांगावी, की जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुहेरी पुण्य आहे. आमच्याकडे साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या एक खालाजान येत. सूरह यासीन त्यांना ऐकून ऐकून तोंडपाठ होती, आणि तीच अडचण झाली, कारण तोंड पुढे धावे आणि बोट भलत्याच शब्दावर फिरत राही. मग मी एका पोस्टकार्डाला एका शब्दाएवढी खिडकी कापून दिली. ते कार्ड ओळीवर ठेवून जेवढा शब्द दिसेल तेवढाच त्या वाचत, आणि एका आठवड्यानंतर त्यांचे तोंड बोटाची वाट पाहू लागले. पाठांतर दांडगे असलेल्या प्रौढांना ही युक्ती जरूर द्यावी.

आता पैशाविषयी. आमच्या ओळखीच्या एका मक्तबात फरशी बदलायला वर्गणी आठवड्यात जमली, आणि त्याच काळात हाफिजसाबांचा पगार तीन महिने थकला होता. अखेर ते सामान पोहोचवण्याच्या कामाला लागले, आणि वीसेक मुलांचे पारे अर्ध्यावर राहिले. कुरआनला आधार देणे म्हणजे आधी कुरआन शिकवणाऱ्याच्या घरी महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार पोहोचणे. हनफी मतानुसार जकातीचे (श्रीमंतांवर बंधनकारक असलेल्या धार्मिक दानाचे) पैसे पगाराला किंवा बांधकामाला चालत नाहीत, ते गरजू व्यक्तीच्या मालकीचे व्हावे लागतात. त्यामुळे जकात आणि इमदाद (स्वेच्छेने दिलेली मदत) यांची पावतीपुस्तके पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत आणि पगार इमदादमधून द्यावा. दहा-पंधरा घरांनी दरमहा ठरावीक रक्कम कबूल केली तर रमजानातल्या एका मोठ्या देणगीपेक्षा ती अधिक भरवशाची असते. ज्याला पैसे देणे शक्य नाही त्याने रात्री जेवणानंतर आपल्या मुलाचे दहा मिनिटे ऐकावे; स्वतःला वाचता येत नसले तरी मूल अडखळले हे कानाला कळते.

अर्थाचे काम मराठीतून करावे, कारण ज्या मुलाला शाळेत सगळे मराठीतून समजते त्याला उर्दूतला तर्जुमा पुन्हा परकाच वाटतो. कुरआनचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. आठवड्यातून एक दिवस, नमाजमध्ये रोज म्हटल्या जाणाऱ्या छोट्या सूरहांपासून सुरुवात करून, एकेक शब्द उलगडावा, आणि जिथे मतभेदाचा किंवा हुकुमाचा प्रश्न येईल तिथे स्वतः निर्णय न देता आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारावे. इथून जवळच्या पवनारचे विनोबा भावे कुरआन मुळातून वाचता यावा म्हणून अरबी शिकले होते, हे मी मुलींना मुद्दाम सांगते. अल-फातिहाच्या सात आयतींचा अर्थ कळल्यावर मुलींच्या नमाजची गती आपोआप मंदावते, असा माझा अनुभव आहे.

नाजरा पूर्ण होण्याच्या दिवशी घरचे लोक हार आणि मिठाई घेऊन येतात, आणि यावेच. मात्र मुलीने सूरह नासची शेवटची आयत वाचली की कुरआन मिटू देऊ नये. त्याच बैठकीत पहिले पान उघडून अल-फातिहा आणि अल-बकराच्या पहिल्या पाच आयती, 'मुफ़्लिहून'पर्यंत, तिच्याकडून वाचून घ्याव्यात, तिथे खुणेची फीत ठेवावी, दुसऱ्या दिवशीची वेळ सांगावी, आणि मग संत्रा बर्फीचा डबा उघडावा.