लेकराचा बीएमआय काढताना या चुका टाळा

गेल्या पालकसभेत एका आईनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "बाई, कमी वजन दाखवतंय हे. टॉनिक सुरू करू का?" मुलगी 8 वर्षांची, उंची 125 सेंटिमीटर, वजन 24 किलो. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा; किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की तिचा 15.4 येतो. गणित बरोबरच होतं, पण ॲपनं तिला मोठ्या माणसांचा '18.5 च्या खाली म्हणजे कमी वजन' हा निकष लावला होता. या वयाच्या मुलीचा बीएमआय साडेपंधराच्या आसपासच असतो. पोरगी चांगली ठणठणीत होती.

लेकरांचा आकडा वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाढीच्या तक्त्यावरच वाचायचा. पहिल्या वर्षानंतर बीएमआय उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास सगळ्यात कमी होतो आणि पुन्हा चढतो. म्हणून गुटगुटीत बाळ शाळेत जाताना सडसडीत झालं, तर आजीनं लगेच घाबरू नये. 5 ते 18 वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत. त्याहून लहानांचं अंगणवाडीत उंचीच्या मानानं वजन पाहतात.

मोजण्यातही घोळ होतो. शाहाबादी फरशीच्या सांध्यावर ठेवलेला काटा डुगडुगतो, चप्पल पायात राहते, आंबाड्यावरूनच उंची घेतली जाते. वरच्या मुलीची उंची दोनच सेंटिमीटर कमी लिहिली, तर 15.4 चे 15.9 होतात. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर; डोक्यावर पुस्तक आडवं दाबून खूण करा. दोनदा मोजा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या चुकीची. आमच्या बीड जिल्ह्यात आईबापासोबत ऊसतोडीला जाऊन आलेली लेकरं दरवर्षी वर्गात परततात. 10 वर्षांचा मुलगा, उंची 120, वजन 22 किलो. बीएमआय 15.3, तक्त्यावर ठीक. पण ही उंची साधारण सात वर्षांच्या मुलाची! बऱ्याच दिवसांच्या अपुऱ्या खाण्यानं, वरचेवरच्या आजारपणानं उंचीच खुंटली, की वजन तिला शोभेल इतकंच असतं आणि बीएमआय सगळं झाकून टाकतो. म्हणून वयानुसार उंचीचा तक्ताही शेजारी ठेवाच. उंची मागं दिसली तर शाळा तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आणि जाताना आधीच्या नोंदींची वही सोबत न्या. एका दिवसाच्या मापावरून डॉक्टरांनाही वाढ थांबली की चालू आहे, हे सांगता येत नाही.