अनोळखी तलावावर बदकं-हंस बघायला जाताय? या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडे हिवाळ्यात पहिल्यांदा गेलो, तेव्हा नकाशातला सगळ्यात मोठा तलाव निवडला आणि उजाडताच सरळ पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, चढलो. वर पाय ठेवला न ठेवला तोच पलीकडच्या काठावरचे पट्टकादंब हंस एकदम उठले. डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या दिसायच्या आत थवा झाडांपलीकडे गेला आणि दिवसभर परतला नाही. हिमालय ओलांडून आलेल्या पाखरांना मी भर चरायच्या वेळी उठवलं, याचं आजही वाईट वाटतं.

नव्या जागी सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. इकडच्या जुन्या मालगुजारी (जमीनदारांनी बांधलेल्या) तलावाची पाळ उंच असते. तिच्यावर उभा राहिलेला माणूस मागच्या उजळ आकाशामुळे पाखरांना लांबूनच दिसतो. पाळीच्या बाहेरच्या अंगानं, खालून चाला. बेशरमाची झुडपं किंवा एखादं झाड गाठा, तिथं वाकून वर या आणि फक्त डोकं वर काढा. मग बसून राहा. चरणाऱ्या बदकांनी माना ताठ केल्या, चोची पाण्याबाहेर काढल्या आणि सगळी एकाच दिशेनं मध्याकडे पोहू लागली, तर तुम्ही गरजेपेक्षा जवळ आलात. तिथंच थांबा. दहा-पंधरा मिनिटं हालचाल केली नाही तर बहुतेक वेळा माना पुन्हा खाली जातात. तरीही गेल्या नाहीत तर मागं सरका. ड्रोन तर नकोच.

ऊन कुठून येतं ते न बघणं

सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेच्या काठावरून बघितलं तर चमकत्या पाण्यावर नुसते काळे ठिपके दिसतात, तलवार बदक कोणतं आणि थापट्या कोणता ते कळत नाही. पाळ पश्चिमेलाच असेल आणि दुसरीकडून वाट नसेल, तर त्या तलावावर संध्याकाळी जा.

निळ्या रंगावर भरवसा

मोबाईलच्या नकाशात निळं दिसलं म्हणजे पाणी आहेच असं नाही. फेब्रुवारीत कित्येक बोड्या, म्हणजे लहान तलाव, आटलेल्या असतात. पाणी असलं तरी त्यावर शिंगाड्याचा वेल किंवा जलपर्णी दाट पसरलेली असते. कादंबांना आणि चक्रवाकांना मोकळं पाणी, उघडा काठ आणि जवळ चरायला शेत लागतं. अडई आणि काणूक ही बदकं मात्र वनस्पतींनी भरलेल्या तलावातही छान दिसतात.

म्हणून आधी माणसांना विचारा. डोंगा (नाव) घेऊन मासेमारीला निघालेल्या ढिवरबांधवाला जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याही ॲपला नसतं. एकदा असाच दोन तास रिकामं पाणी बघत बसलो होतो. काठावर जाळं झटकणाऱ्या काकांनी सांगितलं, "आज इथं नाई बसत जी पाखरं, रातीच जाळे टाकले ना. त्या पलीकडच्या बोडीवर पाहा." बोडीवर लालसरी बदकांचा थवा होता. पक्ष्याचं पुस्तकी नाव घेऊन विचारू नका, चित्र दाखवा. दर गावात नाव वेगळं असतं.

अंधारात बांध्यांतून (धानाच्या खाचरांतून) चालणं

यात जीव जाऊ शकतो. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडलेली असते. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास वाघ-अस्वलांचाही वावर आहे. पुरतं उजाडू द्या आणि पांदणीनंच, म्हणजे शेतरस्त्यानंच, जा. धान निघाल्यावर बांध्या मोकळ्या दिसल्या तरी त्यांत लाखोळीचं (डाळीचं) पीक उभं असतं, ते तुडवू नका. शेतमालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावरही (शेताच्या बांधावरही) चढू नका. गोंदियाकडे शेतात सारसाची जोडी दिसली तर लांबूनच बघा.

ओळखायची घाई

काळं अंग, पांढरी चोच म्हणजे वारकरी, ते बदक नव्हे. टिबुकली हीसुद्धा बदक नव्हे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले बरेच नर अजून माद्यांसारखे तपकिरीच असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका. चोचीची ठेवण आणि उडताना पंखावर चमकणारा पट्टा बघा. थापट्याची फावड्यासारखी चोच कोणत्याही महिन्यात लपत नाही.

अजून एक. अनोळखी गावात कधी कुणी प्रेमानं म्हणतो, "दोन-चार पाडून देऊ का?" स्पष्ट नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पाखरांची शिकार गुन्हा आहे, विकत घेणंही. काठावर बांबूंना हवेत उभं ताणलेलं बारीक जाळं दिसलं तर ते मासोळीचं नाही. स्वतः हात लावू नका, कुणाशी वाद घालू नका. जागा नीट लक्षात ठेवा, तिथून बाजूला जा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.