मिथेनॉल नंतर, आधी काळं तेल

सुट्टीत नागपूरला घरी आलो की मेकॅनिकलचे दोन-तीन पोट्टे हमखास भेटायला येतात. प्रश्न ठरलेला: "भाऊ, जहाजं आता मिथेनॉल, अमोनियावर जाणार म्हणतात. मर्चंट नेव्हीत यायचं की थोडं थांबायचं?"

थांबू नका. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, म्हणजे आयएमओनं, 2023 मध्ये 2050 च्या आसपास नेट झिरोचं, म्हणजे जहाजांचं निव्वळ हरितगृह वायू उत्सर्जन शून्यावर आणण्याचं, ध्येय ठरवलं. पण जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं. तुमची पहिली दोन-चार जहाजं बहुधा तेलावरचीच असतील, आणि माझ्या मते तेच बरं.

हेवी फ्युएल ऑइल, म्हणजे जहाजांचं काळं तेल, गार असताना डांबरासारखं घट्ट असतं. इंजिनात सोडण्याआधी ते साधारण 130 अंशांपर्यंत तापवावं लागतं. 2020 पासून इंधनात सल्फर 0.50 टक्क्यांच्या आत लागतो (धुरातला सल्फर धुऊन काढणारं यंत्र, म्हणजे स्क्रबर, बसवलेल्या जहाजांना सूट), आणि उत्तर समुद्र, बाल्टिकसारख्या भागांत 0.10 टक्के. म्हणून त्या भागांच्या हद्दीत शिरण्याआधी गॅस ऑइलवर, म्हणजे डिझेलसारख्या पातळ तेलावर, चेंजओव्हर करतात, म्हणजे इंधन बदलतात. तापमान मिनिटाला सुमारे दोन अंशांनीच उतरवायचं. घाई केली तर फ्युएल पंपाचा प्लंजर (आतला सरकता दांडा) जाम होतो. माझ्या पहिल्या जहाजावर मी व्हॉल्व्ह भरभर फिरवायला लागलो, तेव्हा सेकंड इंजिनिअरनी माझा हात धरला. पुढचा तासभर मी फक्त थर्मामीटर वाचत उभा होतो. इंधन बदलणं म्हणजे काय, ते मला त्या तासात कळलं.

नव्या इंधनात हाच संयम जास्त लागतो. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट जेमतेम 12 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या जानेवारीतल्या दुपारीसुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते. उजेडात त्याची ज्योत धड दिसतही नाही. तेवढ्याच ऊर्जेसाठी टाकी जवळपास अडीचपट मोठी लागते. अमोनियात कार्बन नाही, पण तो विषारी. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन) उणे 162 अंशांवर साठवतात, आणि न जळलेला मिथेन निसटला तर हवामानाचा फायदा तिथेच कमी होतो. यातलं एकच इंधन जिंकेल असं मला वाटत नाही, त्यामुळे एकाच इंधनावर पैज लावून कोर्स निवडू नका. अशा जहाजांवर जाण्याआधी आयजीएफ कोडचं, म्हणजे वायू आणि सहज पेटणाऱ्या इंधनांच्या जहाजांसाठीच्या सुरक्षा नियमांचं, प्रशिक्षण लागतं. बेसिक कोर्स लवकर उरकून घ्या.

वाट सरळ आहे. बारावीनंतर आयएमयू-सीईटी (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा) देऊन चार वर्षांचं मरीन इंजिनिअरिंग, किंवा मेकॅनिकलची पदवी घेऊन वर्षभराचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) कोर्स. संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यतेची आहे ना, आधी बघा. मला एका एजंटनं जहाज मिळवून देतो म्हणून पैसे मागितले होते. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना, आहे का, ते तपासा.

परवा आलेल्या मुलाला मी माझी चेंजओव्हरची जुनी वही दिली. तापमानाचे आकडे अजून वाचता येतात.