गेमचे परीक्षण: आधी प्रकार, मग मजकूर, शेवटी गुण

व्हिडिओ गेमचे परीक्षण लिहायला घेणाऱ्याने गेम सुरू करण्याआधी वहीत चार गोष्टी नोंदवून ठेवाव्यात: गेम कोणत्या यंत्रावर खेळणार, त्याची आवृत्ती कोणती, तो विकत घेतला की फुकट मिळाला, आणि तो कोणत्या प्रकारात मोडतो. पहिल्या तीन गोष्टी वाचकाला जशाच्या तशा सांगायच्या असतात. चौथीवर मात्र सगळे परीक्षण उभे राहते, कारण ‘गेम चांगला आहे का’ हा प्रश्न फार मोघम आहे, तर ‘या प्रकारच्या गेमकडून खेळाडू जे मागतो ते हा गेम देतो का’ या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देता येते.

कोल्हापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि मातीतल्या कुस्तीचे गुण कोणताही पंच गादीवरच्या कुस्तीशी ताडून देत नाही. गेमच्या बाबतीत मात्र हा विवेक सर्रास सुटतो. कोडी सोडवण्याच्या गेममध्ये कथा नाही म्हणून, किंवा भयकथेच्या गेममध्ये बंदुकीच्या गोळ्या पुरत नाहीत म्हणून गुण कापले जातात, वास्तविक त्या टंचाईसाठीच तो गेम तसा रचलेला असतो.

फायटिंग गेमचे उदाहरण घ्या. ‘स्ट्रीट फायटर 6’ (2023) किंवा ‘टेकन 8’ (2024) यांमध्ये पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटतात. एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची असते आणि कोणता डाव किती फ्रेममध्ये बसतो यावर लढतीचा निकाल ठरतो. त्यामुळे येथे कथेपेक्षा बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा विलंब, पात्रांमधला तोल आणि ऑनलाइन लढतीचा दर्जा यांवर लिहिणे आवश्यक ठरते. या गेममधली ‘रोलबॅक’ ही पद्धत प्रतिस्पर्ध्याने काय दाबले असेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे चालू ठेवते आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन चित्र दुरुस्त करते. ती आपल्याकडच्या इंटरनेटवर कितपत टिकते हे पाहायचे असेल तर राजारामपुरीत किंवा मंगळवार पेठेत बसून रात्री नऊ-दहाच्या सुमारास, घरातली बाकीची मंडळीही तेच वाय-फाय वापरत असताना खेळले पाहिजे. पहाटे चारला खेळून ‘लॅग (म्हणजे विलंब) अजिबात नाही’ असे लिहिणाऱ्याचा वाचकाला काडीचा उपयोग नाही.

फुटबॉलच्या गेमवर कोल्हापुरात बसून लिहिणे हे तर जोखमीचेच काम आहे. येथला वाचक शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने पाहत वाढलेला असतो. बचावफळी विनाकारण पुढे सरकली किंवा गोलरक्षक हातात आलेला चेंडू सोडून देत असला तर ते त्याच्या लगेच लक्षात येते, आणि तुम्ही ते लिहिले नसेल तर तुमचे पुढचे परीक्षण तो वाचत नाही. ‘फिफा’ हे नाव 2023 मध्ये मागे पडून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ आले, तरी दरवर्षी नवी आवृत्ती काढण्याचा प्रघात तसाच राहिला. म्हणून अशा गेममध्ये पहिला प्रश्न एकच विचारावा: ज्याच्याकडे गेल्या वर्षीची आवृत्ती आहे, त्याने पुन्हा पूर्ण किंमत का मोजावी? संघांच्या याद्या आणि जर्सी एवढेच बदलले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘अल्टिमेट टीम’ या स्वतःचा संघ जमवण्याच्या भागात पैसे देऊन फोडायच्या पाकिटांतून कोणता खेळाडू मिळेल हे नशिबावर असते, त्या भागाचा समाचार वेगळ्या परिच्छेदात घ्यावा.

लांबलचक रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, गेमची अडचण निराळी आहे. ‘बाल्डर्स गेट 3’ (2023) हा योग्य कारणांसाठी नावाजला गेला, पण प्रकाशनाच्या वेळी त्याच्या तिसऱ्या अंकात, कथा शहरात पोहोचल्यावर, तांत्रिक अडचणी वाढत असत आणि केवळ पहिला अंक खेळून लिहिणाऱ्याला त्या दिसल्याच नसत्या. पूर्ण खेळणे शक्य नसेल तर किती तास आणि कुठपर्यंत खेळलो हे वरच सांगावे. त्यात कमीपणा नाही. ‘हेडीज’सारख्या, मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणाऱ्या गेममध्ये ‘गेम संपवला’ हा शब्दप्रयोगच जपून वापरावा लागतो, कारण पाताळातून पहिल्यांदा सुटका झाली तरी त्याची कथा पुढे चालूच राहते. उलट ‘पोर्टल’ (2007) काही तासांत संपतो आणि त्याची कल्पना तेवढ्याच लांबीची आहे. तास मोजून किंमत वसूल झाली की नाही हे ठरवण्याची सवय कोड्यांच्या गेमवर फार अन्याय करते.

शेतीच्या गेमबद्दल लिहिताना मात्र आपल्याला एक आयती सोय आहे. ‘फार्मिंग सिम्युलेटर 17’च्या प्लॅटिनम आवृत्तीत ऊस आला. त्याची लागवड, तोडणी आणि वाहतूक यांतले काय खऱ्यासारखे आहे व काय सोपे करून टाकले आहे, हे करवीर किंवा शिरोळ तालुक्यातला मुलगा जितक्या अधिकाराने सांगेल तितके परदेशातला परीक्षक सांगू शकणार नाही. असे ज्ञान हाताशी असेल तर ते वापरावे. फक्त गेम ट्रॅक्टरसारख्या यंत्रांच्या आवडीसाठी बनवला आहे, शेतीच्या हिशोबासाठी नाही, हे भान सोडू नये.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण मोबाइलवर खेळतात, आणि तरीही मोबाइलच्या गेमची परीक्षणे सर्वांत निष्काळजीपणे लिहिली जातात. येथे फोनचे मॉडेल आणि रॅम सांगणे अनिवार्य समजावे. अर्धा तास सलग खेळल्यावर फोन किती तापतो, बॅटरी किती उतरते, वायफळ जाहिराती किती वेळा आडव्या येतात, मोबाइल डेटावर खेळताना पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) कुठवर जातो, या नोंदी ग्राफिक्सच्या वर्णनापेक्षा मोलाच्या असतात. गेम फुकट असेल तर पैसे नेमके कोणत्या टप्प्यावर मागितले जातात ते शोधावे: केवळ पोशाखासाठी मागणे वेगळे आणि पुढची पातळी गाठता येऊ नये अशी व्यवस्था करून मागणे वेगळे. ॲपलने डिसेंबर 2017 पासून नशिबाच्या पेटाऱ्यांत कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे खरेदीआधी जाहीर करणे बंधनकारक केले आहे. ते कोष्टक गेममध्ये बहुधा आडबाजूला असते; ते उघडावे, आकडे वाचावेत आणि हवी ती वस्तू मिळवायला सरासरी किती रुपये जातील याचा हिशोब मांडून दाखवावा. एवढे एक काम नीट केले तरी परीक्षण पालकांच्याही उपयोगाचे होते.

यंत्राचा उल्लेख का करायचा, याचे ‘सायबरपंक 2077’ इतके चांगले उदाहरण सापडणार नाही. डिसेंबर 2020 मध्ये तो प्रकाशित होण्यापूर्वी परीक्षकांना केवळ पीसीची प्रत मिळाली होती आणि आलेले गुण भरघोस होते. प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन यांवर मात्र तो धड चालत नव्हता, इतका की सोनीने काही दिवसांतच तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि 2021 च्या जूनमध्ये परत घेतला. ज्यांनी ‘पीसीवर खेळलो, कन्सोलची आवृत्ती पाहिलेली नाही’ असे ठळकपणे लिहिले, त्यांचे परीक्षण आजही खरे आहे. आपल्याकडे जुने, सेकंडहँड कन्सोल बरीच वर्षे वापरात राहतात, त्यामुळे हे वाक्य कधीही गाळू नये. चित्राची गुणवत्ता आणि वेग यांपैकी एक निवडण्याची सोय गेममध्ये असेल तर कोणता पर्याय निवडला तेही सांगावे.

आता भाषेकडे वळू. ‘ग्राफिक्स भारी, गेमप्ले नादखुळा’ हे कट्ट्यावर बोलताना उत्तम आहे. लेखात त्याने काहीच कळत नाही. गेम भारी वाटला तर नेमके कोणत्या प्रसंगी वाटला ते आठवावे आणि तो प्रसंग, कथेतले रहस्य न फोडता, वर्णन करावा. कंटाळा आला तर तो कुठे आला, किती वेळ टिकला आणि काय केल्यावर गेला, हे खेळतानाच टिपून ठेवावे, कारण शेवट चांगला असला की मधला कंटाळा माणूस विसरून जातो. कठीणतेची पातळी कोणती ठेवली होती हे सांगितल्याशिवाय ‘सोपा’ आणि ‘अवघड’ हे शब्द वापरू नयेत. तंत्र आणि कला यांची गल्लत करू नये: कमी ताकदीच्या यंत्रावर चालणारा गेम देखणा असू शकतो आणि लाखाच्या ग्राफिक्स कार्डाला घाम फोडणारा गेम नीरस असू शकतो.

सगळ्यात नाजूक प्रसंग येतो तो आपल्या जवळचा गेम हाती आल्यावर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ घ्या. भावाच्या शोधात निघालेली राजी, तिच्यावर नजर ठेवून कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तुकलेची आठवण करून देणारे महाल, भिंतींवरून धावत केलेली त्रिशूळाची लढाई, हे पाहून कोणाही मराठी खेळाडूला आनंद होईल आणि तो आनंद लिहावाही. पण हा ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम आहे, तेव्हा त्या प्रकाराचेच प्रश्न त्याला विचारावे लागतात. लढाई पुढे पुढे नवे काही मागते का? कथेचा शेवट पुरेसा रचलेला आहे का? माझे मत असे की चित्ररचनेत तो मोठ्या स्टुडिओंच्या पंक्तीला बसतो, लढाईत एकसुरी होतो आणि शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटतो. ‘आपल्या माणसांनी केला आहे’ म्हणून गुण वाढवले, तर त्याच माणसांच्या पुढच्या गेमला दिलेल्या गुणांना किंमत राहत नाही.

गुण सर्वांत शेवटी द्यावेत, तेही मजकूर पुन्हा वाचून. आधी गुण ठरवून बसले की लेख त्या आकड्याचे समर्थन करण्यात खर्ची पडतो. पाचपैकी गुण पुरेसे आहेत, मात्र प्रत्येक पायरीचा अर्थ एकदा लिहून ठेवावा आणि तीन म्हणजे ‘या प्रकाराची आवड असणाऱ्याला चालेल’ असे ठरले असेल तर तीन द्यायला कचरू नये. दहापैकी 8.7 आणि 8.6 यांतला फरक सांगता येणारा परीक्षक मला अजून भेटायचा आहे. जपानी ‘फामित्सु’ नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. 40 पैकी 40 हा मान 1998 मध्ये ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ला पहिल्यांदा मिळाला. चार मते वेगवेगळी छापण्याची ही रीत मित्रमंडळींनी मिळून लिहायचे असेल तर फार सोयीची आहे.

इतरांचे आकडे उद्धृत करताना ते कसे तयार होतात हे माहीत असावे. मेटाक्रिटिक ही वेबसाइट 2001 पासून वेगवेगळ्या परीक्षणांची भारित सरासरी काढते, पण कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला आहे ते जाहीर करत नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरचे 90 टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. दहांपैकी नऊ खेळाडूंनी अंगठा वर केला, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यातल्या प्रत्येकाला गेम जेमतेम आवडला असला तरी आकडा तोच येतो. खेळाडूंच्या गुणांवर रागाच्या लाटाही येतात. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’वर जून 2020 मध्ये, गेम पूर्ण खेळून होणे शक्यच नव्हते इतक्या लवकर, शून्य गुणांचा पाऊस पडला, आणि त्यानंतर मेटाक्रिटिकने प्रकाशनानंतरचे पहिले 36 तास खेळाडूंचे अभिप्राय बंद ठेवायला सुरुवात केली. या आकड्यांचे परिणाम पगारापर्यंत पोहोचू शकतात: ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (2010) करणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिकच्या 85 गुणांवर अवलंबून होता आणि गेमला 84 मिळाले. म्हणून गुण वाढवावेत असे नाही, पण घाईत ठोकून देऊ नयेत हे खरे.

गेमची प्रत कंपनीकडून फुकट आली असेल, किंवा कोणी हेडफोन भेट दिला असेल, तर ते लेखाच्या सुरुवातीलाच सांगावे. समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांनी असे हितसंबंध उघड करावेत, अशा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी 2023 पासून आहेत. किंमत रुपयांत लिहावी आणि ती कोणत्या दिवशीची आहे तेही लिहावे, कारण सेलमध्ये ती बदलते.

परीक्षण प्रसिद्ध झाल्यावर गेम बदलत राहतो. ‘नो मॅन्स स्काय’ 2016 मध्ये आला तेव्हा खेळाडूंनी त्याला झोडपले, आणि नंतरच्या अनेक मोफत अपडेटनंतर त्याच खेळाडूंचे मत पालटले. अशा वेळी जुना मजकूर पुसू नये. मूळ गुण आणि तारीख तशीच ठेवून खाली नवी नोंद जोडावी, तीत अपडेटचा क्रमांक आणि पुन्हा खेळलेल्या तासांचा उल्लेख करावा, आणि नवे गुण द्यायचे असतील तर ते जुन्या गुणांच्या शेजारी द्यावेत.