हिल्फेप्लानच्या टेबलाशी बसण्याआधी

मे महिन्यात मी जर्मनीहून सांगलीला आले होते, तेव्हा विश्रामबागेत एका ओळखीच्या घरी जर्मनीला निघालेलं जोडपं भेटलं. घरभाडं, थंडीचे कपडे, तूरडाळ कुठं मिळते, सगळं विचारून झालं. निघताना त्या जोडप्यातल्या मुलीनं मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, "ताई, तिथं मुलं उचलून नेतात म्हणे?" जिन्यात उभ्या उभ्या द्यायचं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तिला भीती होती ती यूगेंडआम्टची, म्हणजे तिथल्या बालक-युवक कल्याण कार्यालयाची. मूल धोक्यात असेल तर ते ताब्यात घेण्याचा अधिकार या कार्यालयाला आहे, हे खरं. आईवडिलांनी विरोध केला तर मूल परत तरी द्यावं लागतं, नाहीतर लगेच कुटुंब न्यायालयाकडे जावं लागतं. मारण्याबद्दल स्पष्टच सांगते: 2000 सालापासून तिथल्या कायद्यानं मुलांना मारझोडीशिवाय वाढण्याचा हक्क दिला आहे. लाडानं दिलेला धपाटासुद्धा तिथं चालत नाही, आणि माझ्या मते तो कुठंच चालू नये.

पण या कार्यालयाचं रोजचं काम मदतीचं आहे. तिथल्या समाजसंहितेच्या, म्हणजे सामाजिक कायद्यांच्या संहितेच्या, आठव्या भागातलं कलम 27 सांगतं की मूल वाढवताना गरज असेल तर मदत मिळणं हा आईवडिलांचा हक्क आहे. तिथं कायदेशीर राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनाही तो लागू होतो. साधा सल्ला हवा असेल तर एर्त्सीहुंग्सबेराटुंग, म्हणजे पालक सल्ला केंद्र. ते मोफत असतं आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही. त्यापुढची पायरी म्हणजे आठवड्यातून काही तास घरी येणारी कुटुंब-मदतनीस. तिचेही पैसे पडत नाहीत. मूल घराबाहेर राहणार असेल तर मात्र उत्पन्नाप्रमाणे वाटा द्यावा लागतो. मुलाला अपंगत्व असेल तर 2024 पासून कार्यालयातच वाट दाखवणारी व्यक्ती असते, तिला फेरफारेन्सलोत्से म्हणतात.

आमचा धाकटा आठ वर्षांचा असताना शाळेत बोलायचा बंद झाला. घरात बडबड, शाळेत एक शब्द नाही. शिक्षिकेनं यूगेंडआम्टकडे अर्ज करा म्हणून सुचवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. घरातलं घरातच राहावं, याच वळणात आपण वाढलो. त्या धास्तीत मी चार महिने वाया घालवले, त्याची हळहळ अजून वाटते.

मग हिल्फेप्लानची बैठक झाली. हिल्फेप्लान म्हणजे मदतीचा लेखी आराखडा: अडचण काय, मदत कोणती, ती कोण देणार, उद्दिष्ट काय. त्याच कायद्याच्या कलम 36 प्रमाणे तो आईवडील आणि मूल यांना बरोबर घेऊनच करायचा असतो. टेबलाशी अधिकारी बाई, मदतनीस, आम्ही दोघं आणि मुलगा. मदतनीस म्हणाली, दुपारी चार ते सहा घरात स्क्रीन बंद. मी मान हलवली. सरकारी माणसासमोर "हो साहेब" म्हणायची सवय मी सांगलीहून बरोबरच नेली होती. तेवढ्यात मुलानं माझी बाही ओढली आणि मराठीत म्हणाला, "मग आजी?"

सांगलीच्या आजीशी त्याचा व्हिडिओ कॉल रोज साडेचारला असायचा. तिथले साडेचार म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे आठ आणि हिवाळ्यात नऊ. सहानंतर म्हटलं तर थंडीत आजीला साडेदहापर्यंत जागावं लागलं असतं. हे मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. अधिकारी बाईंनी ती ओळ खोडली आणि लिहिलं: साडेचारला आजीशी बोलणं, हा मुलाचा आधार आहे. आमच्या घरातलं त्यांना कुठून कळणार? ते आपणच सांगायचं असतं.

म्हणून बैठकीला जाण्याआधी मुलाला काय हवंय ते मराठीत विचारा आणि कागदावर लिहून न्या. भाषा अडत असेल तर दुभाषा आधीच मागा. मराठी मिळणं अवघड, हिंदी तुलनेनं सोपं. मुलाला दुभाषा करू नका, त्याच्याबद्दलचंच बोलणं त्याच्या तोंडून वदवणं त्याच्यावर फार भार टाकतं. ओळखीचं विश्वासू माणूस सोबत नेता येतं, तेवढा हक्क कायद्यात आहे. संस्था किंवा मदतनीस निवडताना कलम 5 प्रमाणे तुमची पसंती विचारात घ्यावी लागते, खर्च अवाच्या सवा होत नसेल तोवर. सही घाईनं करू नका, मसुदा घरी नेऊन वाचू द्या म्हणा. निर्णय पटला नाही तर स्वतंत्र ओम्बुड्सश्टेले, म्हणजे तक्रार-सल्ला केंद्र, तुमच्या बाजूनं समजावून सांगतं.

आराखडा एकदा केला की संपलं असं नसतं, ठरावीक काळानं पुन्हा बसून तो तपासायचा असतो. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा बसलो, तेव्हा मुलगा वर्गात एका मित्राच्या कानात बोलायला लागला होता. स्क्रीनचे तास नव्यानं ठरले, शाळेसाठी नवी उद्दिष्टं आली. साडेचारची ओळ तशीच राहिली.