रेस दिल्यावर एटीव्ही गुदमरत असेल, तर दोष कसा शोधावा

एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालवायची मोटारसायकलसारखी चारचाकी) जागेवर उभी असताना शांत चालते, सावकाश नेली तरी कुरकुर करत नाही, पण अंगठ्याने थ्रॉटल दाबताच भडभडते, धक्के देते किंवा बंद पडते, असे झाले की लोक कोणाच्या तरी सल्ल्यावरून थेट मोठा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा) बसवतात. हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचा राग येतो. गाडीच्या एअर बॉक्समध्ये किंवा सायलेन्सरमध्ये काही फेरफार केलेला नसेल आणि महिन्यापूर्वी ती नीट धावत असेल, तर जेटचे माप चुकलेले नसते; पितळेतले भोक आपोआप लहान होत नाही, ते फार तर तुंबते. पुढचा क्रम कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग असलेल्या, गाडीसाठी आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचे शेवटी पाहू.

आधी खरोखर इंजिनच गुदमरते आहे ना, हे ठरवावे. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या प्रमाणात वेग घेत नाही, असे असेल तर इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा किंवा क्लच घसरतो आहे आणि कार्बोरेटरला हात लावण्याचे कारणच नाही. गाडी नुकतीच पाण्यातून काढली असेल, तर पट्ट्याच्या कव्हरमधले पाणी आधी काढावे. काही गाड्यांमध्ये रिव्हर्स गिअरमध्ये किंवा पार्किंग ब्रेक लावलेला असताना इंजिनची गती मुद्दाम रोखलेली असते. त्याचा स्विच अडकला, तर पुढे जातानाही इंजिन एका ठरावीक आवाजापाशी पोहोचून तुटक चालू लागते.

त्यानंतर जुने पेट्रोल काढून ताजे भरावे, एअर फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराचा नवा प्लग लावावा. जुना प्लग जागेवर ठिणगी देतो, एवढ्यावर विसंबू नये, कारण थ्रॉटल उघडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दुबळी ठिणगी नेमकी तेव्हाच दगा देते.

पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोहोचते का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. थंड इंजिनवर फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करून धार बाटलीत घ्यावी. ती सुरुवातीला जोरात येऊन मंदावत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पूर्ववत होत असेल, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे. इंजिनच्या ओढीवर उघडणारा पेट्रोल कॉक असेल, तर धार स्टार्टर फिरवल्यावरच येते. म्हणून तो खराब ठरवण्याची घाई करू नये.

आता थ्रॉटल कितपत उघडल्यावर गाडी अडते, हे नेमके कळले पाहिजे. मी थ्रॉटलच्या घरावर चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा करतो. मोकळ्या जागेत, गरम इंजिनवर, एकेका खुणेवर थ्रॉटल स्थिर धरून गाडी चालवावी. पाव खुणेच्या आत त्रास असेल तर पायलट जेट (कमी थ्रॉटलवर पेट्रोल देणारा लहान जेट), पाव ते पाऊण यांच्या दरम्यान असेल तर सुई आणि स्लाइड (सुई जिच्यात बसते ती, वरखाली सरकून हवेची वाट कमीजास्त करणारी), आणि त्यापुढे असेल तर मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा तपासावा. गाडी अडखळत असतानाच चोक (मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) थोडा ओढून पाहावा: सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे, आणखी बिघडली तर ते जास्त होते आहे.

निम्म्या थ्रॉटलपर्यंत ठीक आणि पुढे दमच नाही, असा प्रकार असेल, तर स्लाइडच्या रबरी डायफ्रॅमवर (पातळ पडद्यावर) संशय घ्यावा. याच ठिकाणी मी एकदा सलग दोन आठवडे घालवले आहेत. निर्वात दाबावर चालणाऱ्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलची केबल फक्त खालची झडप उघडते. सुईसकट स्लाइड वर उचलण्याचे काम डायफ्रॅमच्या खालच्या आणि वरच्या दाबांतला फरक करतो. डायफ्रॅमला सुईच्या टोकाएवढे भोक पडले, तरी हा फरक टिकत नाही, स्लाइड पुरेशी वर जात नाही आणि इंजिनला त्यापुढे हवाही मिळत नाही, पेट्रोलही मिळत नाही.

कार्बोरेटर गाडीवरून उतरवल्यावर याची परीक्षा सोपी आहे. बोटाने स्लाइड वर ढकलावी, डायफ्रॅमखालच्या कप्प्याकडे जाणारे एअर फिल्टरच्या बाजूच्या तोंडावरचे छिद्र अंगठ्याने घट्ट बंद करावे आणि स्लाइड सोडावी. ती रेंगाळत खाली आली पाहिजे. धपकन पडली, तर हवा कुठून तरी निसटते आहे. मग वरचे झाकण काढून रबर दिव्यासमोर धरावे आणि घडी हलकेच ताणत पूर्ण गोल फिरवून पाहावे. माझ्या गाडीतले भोक घडीच्या आत दडले होते आणि ताणल्याशिवाय दिसतच नव्हते.

रबराजवळ कार्बोरेटर क्लीनरचा फवारा अजिबात नेऊ नये. मी भोक सापडल्यावर आणलेला नवा डायफ्रॅम त्याच उत्साहात फवारून काढला, त्याची कडा फुगली, ती खाचेत बसेना, तरीही मी झाकण दाबून स्क्रू आवळले. कड चिमटली, हवा तिथून निसटू लागली आणि गाडी पहिल्यासारखीच गुदमरू लागली. त्यानंतरच्या दिवसांत मी तीन वेगवेगळे मेन जेट लावून पाहिले, ही कबुली दिलेली बरी. कड फुगलीच तर डायफ्रॅम एक दिवस उघड्यावर ठेवावा, बहुधा ती पुन्हा आकसते. बसवताना स्लाइड खालून बोटाने किंचित उचलून धरावी, म्हणजे रबरावर ताण येत नाही. कडेवरची छोटी जीभ हवेच्या वाटेच्या खाचेवर आणावी, कड सगळीकडे खाचेत उतरल्याची नखाने खात्री करावी आणि मगच झाकण ठेवावे. बोट काढण्याआधी दोन समोरासमोरचे स्क्रू धरवावेत.

डायफ्रॅम धड असेल, तर जेट काढून उजेडासमोर धरावेत. पायलट जेटमधून स्वच्छ गोल प्रकाश दिसला पाहिजे. तार घुसवून भोक मोठे करू नये. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीला तडा गेलेला नाही, हेही बसवण्यापूर्वीच वाकवून पाहावे.

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच पंपाचा आवाज काही क्षण ऐकू आला पाहिजे, पण आवाज येतो म्हणून दाब आहे असे धरू नये, तो गेजने मोजावा. थ्रॉटल हळूहळू दाबताना एका ठरावीक जागी हमखास झटका बसत असेल, तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडला आहे हे ओळखणारा) आधी तपासावा.

एवढे करूनही फक्त वरच्या वेगात दम कमी पडत असेल, तर सायलेन्सरच्या टोकातली ठिणगी अडवणारी जाळी काढून पाहावी. ती काजळीने बुजलेली असते, आणि तारेच्या ब्रशने पाच मिनिटांत साफ होते.