सोरायसिसवर डायथ्रॅनॉल लावताय? या चुका टाळा

ब्राझीलच्या अरारोबा झाडाच्या खोडात पिवळी भुकटी मिळते. पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात आली, गजकर्णावर वापरली गेली आणि जगभर 'गोवा पावडर' म्हणून ओळखली गेली. तिच्यातल्या क्रायसारोबिन या घटकावरून १९१६ मध्ये डायथ्रॅनॉल हे औषध तयार झालं. सोरायसिसच्या जाड चट्ट्यांवर ते आजही चांगलं काम करतं, पण लावण्याची घाई सगळं बिघडवते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मलम लावून झोपणं. नेहमीचा प्रकार असा: सोमवारी रात्री कोपरावर लावलं, सकाळी धुतलं, काहीच जाणवलं नाही. म्हणून मंगळवारी दुप्पट थापलं. बुधवारी चट्ट्याभोवती लालबुंद कडं, गुरुवारी फोड. मग ट्यूब कचऱ्यात आणि दोष औषधाला. खरं तर बुधवारचं कडं ही सोमवारची भाजणूक असते. डायथ्रॅनॉलची आग दोन-तीन दिवसांनी वर येते. शिवाय चट्ट्याची त्वचा औषध पटकन शोषते, निरोगी त्वचा सावकाश. थोडाच वेळ ठेवलं तर चट्ट्याला पुरेसं मिळतं आणि शेजारची त्वचा वाचते. रात्रभर ठेवलं की हा फायदाच संपतो.

म्हणून आधी १० मिनिटं, तीही गजर लावून. त्रास नसेल तर दर तीन-चार दिवसांनी ५ मिनिटं वाढवत ३० पर्यंत जा, पुढे नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या मलमांत डायथ्रॅनॉल साधारण १.१५ टक्के असतं; सुरुवातीला ते कमी नाही. आग झाली तर थांबा, शांत झाल्यावर कमी मिनिटांनी पुन्हा सुरू करा. लावण्याआधी खपल्या तेलाने मऊ करून काढा, नाहीतर औषध खपलीवरच राहतं. मग चट्ट्याभोवती व्हॅसलिनचं कुंपण घाला आणि हातमोजा घालून मलम आतल्या आत लावा.

दुसरी चूक न्हाणीघरात होते. गरम पाणी आणि साबण एकदम लावला की तपकिरी डाग पक्का बसतो, कारण साबणाच्या क्षारामुळे औषधाचं ऑक्सिडीकरण वाढतं. आधी कापसाने टिपा, मग नुसत्या गार पाण्याने धुवा, साबण शेवटी. फरशी लगेच धुवा. टॉवेल जुनाच घ्या, कापडावरचा डाग जात नाही.

चेहरा, काखा, जांघा: अजिबात नाही. लाल भडकलेल्या किंवा पू भरलेल्या सोरायसिसवरही नाही. स्टेरॉइडचं मलम नुकतंच बंद केलं असेल तर आठवडाभर थांबा. तपकिरी पडलेलं मलम टाकून द्या. आणि चट्टा गजकर्णाचा नाही ना, हे त्वचारोगतज्ज्ञाला आधी दाखवा.

काही जण डाग जाईपर्यंत लावत राहतात. डाग औषधाचाच असतो. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. कडा लागत नसेल तर मलम बंद करा, डाग एक-दोन आठवड्यांत आपोआप निघून जातो.